तिसऱ्या पाळीचा शेवटचा कार्यक्रम

लिंबाजी म्हणतो, अकरा वाजले होते.
खलील म्हणतो, साडेनऊ.
अकराला तर पोलीस येऊन चहा पिऊन गेले होते.
दर फेब्रुवारीत आम्ही हेच भांडण काढतो
जालन्यात, खलीलच्या पंक्चरच्या दुकानात,
जुन्या टायरींवर बसून.

तिसरी पाळी. चौघं जण.
दोघं सळयांच्या कारखान्यातले, रात्री भट्टीपुढं.
तिसरा मुनीर, वरातीच्या बँडवाल्याचा पोरगा.
आणि प्रमोद साळवे,
ज्याला चर्चमधल्या बाईंनी गिटार शिकवली प्रार्थनेसाठी
आणि ज्यानं ती प्रार्थना एवढ्या मोठ्यानं केली
की बाईंनी खिडक्या लावून घेतल्या.

नांदेडला त्यांचं नाव भिंतीभिंतीवर.
परभणीची पोरं त्यांच्यासारखे केस वाढवून
बापाचा मार खायची.
लातूरला तर स्टेजच मोडलं.
आमच्या गल्लीत मात्र
"साळव्याचं पोरगं लागलं का कुठं कामाला?"

गुरांच्या बाजाराचं मैदान, वीस रुपये तिकीट,
पायाखाली उरलेला कडबा.
मी उजव्या स्पीकरला चिकटून उभा.
अजून त्या कानात रात्री कुणीतरी शिट्टी वाजवतं.
डॉक्टर म्हणाले, शीर दुखावलीय.
म्हटलं, राहू द्या तशीच.

चौथं गाणं भट्टीचं.
'लाल आहे तवरच वाकतं, लेका'
इथवर आलं
आणि लाईट गेली.
भारनियमनाची वेळ नव्हती, तरी गेली.
गिटार मेली, माईक मेला,
प्रमोदचं तोंड तेवढं उघडं दिसत होतं.
मुनीर वाजवतच राहिला.
नवरदेव घोड्यावरून उतरेस्तोवर हात थांबवायचा नाही,
हे त्याच्या घरातलं शिक्षण.
कुणीतरी हिरो होंडाचा दिवा लावला.
मग दुसऱ्यानं. मग एका टेम्पोनं.

इथून पुढं तिघांचं तीन.
लिंबाजी म्हणतो, लाईट आली, गाणं पुरं झालं.
खलील म्हणतो, "कुठली लाईट बे? तो बिनामाईकचा गायला,
रडू राह्यला होता."
मला दिसतं ते एवढंच:
प्रमोदनं वायर काढली,
अंगठा आणि कोपरात घेऊन नीट गुंडाळली,
चऱ्हाट गुंडाळतात तशी,
आणि खाली उतरला.
शेवटचं आहे, असं कुणी कुणाला सांगितलं नाही.
त्यांना तरी माहीत होतं का?

तो आता मंठ्याला ठिबकच्या नळ्या विकतो.
मी एकदा मुद्दाम गेलो, पन्नास मीटर नळी घेतली,
शेत नसताना.
विचारलं, त्या रात्री नक्की काय झालं होतं?
तो म्हणाला, "बारा एमएम देऊ का सोळा?"

खलीलकडं कॅसेट आहे. शर्टात टेप लपवून केलेली.
चाळीस मिनिटं नुसती घरघर, कापडाची खसखस,
लांब कुठंतरी ते चौघं,
आणि जवळ, अगदी कानाशी, एकजण ओरडतो,
"ए उंच्या, बस की खाली!"
तो दत्ता. लिंबाजीचा भाऊ.
लिंबाजी काही म्हणत नाही,
नुसतं बोट गोल फिरवतो,
खलील तेवढाच तुकडा परत मागं घेतो.

औंदा संगीता गव्हाणे आली होती,
स्कुटीचं मागचं चाक बसलं म्हणून.
बीडला मेट्रन आहे. तेव्हा मिशन दवाखान्यात
नर्सिंगला होती. पोरींना बाहेर सोडत नसत.
हॉस्टेलच्या गच्चीवरून ऐकलं म्हणाली,
अंगावर चादर घेऊन, सात जणी.
"लाईट गेली होती का? आम्हाला कुठलं कळतंय,
दवाखान्याला जनरेटर.
गाणं थांबलं, ढोल तेवढे राहिले.
किती तरी वेळ.
मला वाटलं, ते गाणंच तसं आहे."

लिंबाजीनं माझ्याकडं पाहिलं.
खलीलनं ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली
आणि आम्ही चौघंही वाकून
बुडबुडे कुठून येतायत
ते बघत बसलो.